चाओ!

इटालियन माणूस फोन ठेवताना एका 'चाओ'वर कधी थांबत नाही. चाओ, चाओ, चाओ-चाओ-चाओ करत आवाज बारीक होत जातो आणि मग कुठे फोन बंद होतो. आपल्या 'बरं, ठेवू मग?'चा हा सख्खा भाऊच. बरं, भेटल्यावरही चाओ आणि निघतानाही चाओ. एवढ्या बिनधास्त शब्दाचा मूळ अर्थ मात्र आहे 'मी आपला गुलाम'!

शब्द व्हेनिसचा. तिथल्या बोलीत निरोप घेताना 'आपला दास' अशा अर्थाचं काहीतरी म्हणायची रीत होती, आणि दासाला शब्द होता 'स-च्याओ'. रोजच्या वापरात 'आपला' गळून गेलं, पुढचा 'स'ही गेला. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. आपणही कृ. सा. न. वि. वि. लिहून साष्टांग दंडवत घालतच होतो की, तेही खुर्चीत बसून. वर्गातलं सगळ्यात वांड कार्टंसुद्धा रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक' अशी सही ठोकायचं. ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात आजही मित्र भेटला की 'सर्वुस' म्हणतात. लॅटिनमध्ये सर्वुस म्हणजे दास. स्वीडिश पोरं एकमेकांना 'शेना' म्हणतात, तो 'नोकर'चा झिजलेला अवतार.

चाओची कुळकथा मात्र याच्याही मागे जाते, आणि तिथे ती जरा काळवंडते. मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्क्लावुस' मुळात गुलाम नव्हे, तर स्लाव माणूस. पूर्व युरोपातले स्लाव लोक धरून आणून इतके विकले गेले की त्यांच्या नावालाच गुलाम हा अर्थ चिकटला. इंग्रजी स्लेव्ह, फ्रेंच एस्क्लाव्ह, जर्मन स्क्लावे, इटालियन स्क्यावो, सगळे त्यातलेच. आणि या लोकांचं स्वतःचं नाव कशावरून पडलं? 'स्लोवो' म्हणजे शब्द. त्यावरून स्लाव म्हणजे 'बोलणारे', आपली भाषा समजणारे, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. शेजारच्या जर्मनांना त्यांनी नाव ठेवलं 'न्येमेत्स', तेही 'मुका' या शब्दावरून. नावं ठेवण्यात कोणीच कमी नाही.

व्हेनिसमध्येच सान मार्को चौकाशेजारी पाण्याच्या कडेने एक रुंद धक्का आहे, रीव्हा देली स्क्यावोनी. इथले 'स्क्यावोनी' गुलाम नव्हेत. समुद्रापलीकडच्या डाल्मेशियातून येऊन इथे गलबतं लावणारे ते स्लाव व्यापारी. म्हणजे एकाच शहरात हेच नाव धक्क्याला मानाने मिळालं आणि बोलण्यात दास होऊन राहिलं. आज त्याच धक्क्यावर पर्यटकांचे लोंढे उतरतात आणि दर दोन पावलांवर कोणीतरी कोणाला तरी चाओ करत असतं.

पुढे शब्द गावोगाव फिरला. इटालियन स्थलांतरितांबरोबर ब्राझीलला पोचला. तिथे तो 'चाउ' झाला आणि फक्त निरोपाचा उरला. आणि फिरत फिरत थेट स्लावांच्याच घरी गेला! प्रागमध्ये मित्र भेटला की 'चाउ', बेलग्रेडमध्ये 'चाओ', सोफियात निघताना 'चाओ'. त्यांच्याच नावाचा गुलाम झाला, गुलामाचा नमस्कार झाला, आणि तो नमस्कार ते आता एकमेकांना मजेत घालतात.

इटलीत जाणार असाल तर एक सांगून ठेवतो. 'मी आपला दास' म्हणणारा हा शब्द तिथे आता इतका सलगीचा झालाय की अनोळखी आजीबाईंना चाओ केलंत तर त्यांच्या कपाळाला आठी पडेल. त्यांना 'बॉनजोर्नो'च म्हणा.