पॉल चेंबर्सकडून डबल बेस शिकताना

डबल बेस या उभं धरून वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्यावर पहिला अर्धा स्वर जवळजवळ सहा सेंटिमीटर लांब असतो. तार साधारण १०५ सेंटिमीटरची आणि पडदे नाहीत, त्यामुळे मोकळ्या तारेवरून लगतच्या स्वरावर जायलाही बोट तेवढं दूर टाकावं लागतं. गिटारवर हेच अंतर साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर भरतं, शिवाय बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. मी गिटारवरून बेसकडे आलो, म्हणून हा फरक मला सगळ्यात आधी करंगळीत जाणवला.

फ्रांत्स सिमांडलने १९व्या शतकात घालून दिलेली बोटांची पद्धत आजही बहुतेकांना पहिल्यांदा शिकवतात. फिंगरबोर्डच्या खालच्या स्वरांच्या भागात पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायचं. तिसरं चौथ्याला जोर देतं. म्हणजे हात एका जागी असताना एका तारेवर तीनच स्वर मिळतात. चौथा हवा असेल तर तार बदला नाहीतर अख्खा हात सरकवा. सुरुवातीचे महिने या सरकण्यातच गेले. मोकळी तार गजाने सतत वाजत ठेवायची आणि शेजारच्या तारेवरचा स्वर तिच्याशी जुळेपर्यंत ऐकत राहायचं. कंटाळवाणं काम आहे, पण सुरेलपणाला दुसरा रस्ता मला तरी सापडला नाही.

उजव्या हाताचं गणित वेगळं. जाझमध्ये तार बोटाच्या टोकाने छेडत नाहीत. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवून तिची कड लावायची आणि दंडाचं वजन त्यात सोडायचं. टोकाने वाजवलं की आवाज बारीक येतो, कडेने वाजवलं की भरतो. फोड येतात, ते फोडायचे नाहीत, बरे होईपर्यंत गजाचा रियाज करायचा. कातडी हळूहळू घट्ट होते.

एवढं झाल्यावर मी जाझमधल्या सगळ्या बेसवादकांचं थोडं थोडं ऐकू लागलो: जिमी ब्लँटन, ऑस्कर पेटिफोर्ड, रे ब्राउन, मिंगस, स्कॉट लाफारो. माझ्या शिक्षकांनी ते थांबवलं. "एकाला धर," ते म्हणाले, "आणि तो कसा चालतो ते तुझ्या बोटांना कळेपर्यंत सोडू नकोस." मी पॉल चेंबर्सला धरलं.

चेंबर्सचा जन्म २२ एप्रिल १९३५चा, पिट्सबर्गमधला; वाढला डेट्रॉइटमध्ये. आधी बॅरिटोन हॉर्न, मग ट्यूबा ही फुंकून वाजवायची पितळी वाद्यं आणि किशोरवयात डबल बेस. डेट्रॉइट सिंफनीतल्या एका बेसवादकाकडे तो रीतसर शिकला. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण जाझचे वादक निव्वळ उपजत कानावर वाजवतात असा समज अजून टिकून आहे. चेंबर्सचा गज ऐकला की शिस्तीत बसून केलेले तास त्यात ऐकू येतात. त्या काळातल्या डेट्रॉइटने बेसवादकही किती दिले! डग वॉटकिन्स तिथलाच. चेंबर्सनंतर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसकडे आलेला रॉन कार्टरही तिथल्याच कॅस टेक शाळेत शिकलेला.

१९५५ मध्ये, विशीत असताना, चेंबर्स माइल्सच्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, गेला आणि १९६३ पर्यंत राहिला. माइल्सबरोबरच्या रेकॉर्डिंग्जपैकी 'सो व्हॉट' मी आधी निवडलं, कारण ते सोपं वाटत होतं. चार मात्रांचा एक असे बत्तीस बार, त्यातले पहिले सोळा डी मायनरसारख्या एकाच रंगात, मग आठ अर्धा स्वर वर, आणि शेवटचे आठ परत खाली. सुरुवातीची धून बेसच वाजवतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात; ती एका दिवसात बसते. खरी परीक्षा त्यानंतर सोलो सुरू झाल्यावर होते. कॉर्ड भराभर बदलत असतील तर बेसवादकाला प्रत्येक बारमध्ये काहीतरी करायला मिळतं. इथे सोळा बार तोच रंग, दर मात्रेला एक स्वर, आणि तरी ओळ पुढे जात राहिली पाहिजे. चेंबर्सने काय केलं ते उतरवलं तेव्हा दिसलं की तो फार थोड्या आकृत्या वापरतो. चढतो, वर एक स्वर धरतो, उतरतो, चौथ्या मात्रेला अर्ध्या स्वराने खालून किंवा वरून येऊन पुढची सम गाठतो. कागदावर ते साधं दिसतं. ऐकताना मात्र प्रत्येक बार आधीच्या बारमधून निघाल्यासारखा वाटतो.

उतरवण्याची रीत अशी ठरली: आधी गायचं, मग वाजवायचं, लिहायचं सगळ्यात शेवटी. गाता येत नसलेला स्वर मी वाजवला तरी तो अंदाजच असतो. बेस कानाने उतरवताना आणखी एक अडचण येते. सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि त्या पट्ट्यात ड्रम्सची घुमही असते. नुसती लय कमी केली तर सगळं आणखी गढूळ होतं. लय निम्मी करून स्वर एक सप्तक वर चढवले की ओळ स्वच्छ बाहेर येते. हे करायला लागल्यापासून माझा वेग बराच वाढला. बेस उतरवू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगतो.

स्वर कळले, तरी माझं वाजवणं चेंबर्ससारखं चालत नव्हतं. रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐकल्यावर फरक स्वरांच्या लांबीत दिसला. चेंबर्सच्या हाती अॅम्प्लिफायर नव्हता. आवाज खोलीभर पोचवायचा तर प्रत्येक स्वर पुढच्या स्वराला टेकेपर्यंत जिवंत ठेवायला हवा. त्यासाठी डावं बोट शेवटच्या क्षणापर्यंत दाबलेलं राहतं आणि मगच सुटतं. मी बोट लवकर उचलत होतो, कारण पुढे सहा सेंटिमीटरची उडी दिसत असायची. इथून पुढे कितीतरी काळ मी नवीन काही उतरवलं नाही. मेट्रोनोमचा, म्हणजे लय देणाऱ्या यंत्राचा, ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावायचा, बारा बारचा ब्लूज अगदी सावकाश घ्यायचा आणि दोन स्वरांच्या मधली फट ऐकायची. ठोका पहिल्या मात्रेवर नसल्यामुळे सम आपणच आतून धरावी लागते. बेसवादकाकडून बँडला हवी असते ती हीच गोष्ट, आणि माझ्या मते या वाद्याचं निम्मं शिक्षण त्यातच आहे.

त्यानंतर 'मिस्टर पी. सी.' हाती घेतलं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने हा सी मायनरमधला ब्लूज चेंबर्सच्या नावाने रचला आणि १९५९ मध्ये तो रेकॉर्ड झाला तेव्हा बेसवर स्वतः चेंबर्सच होता. लय फार द्रुत आहे. पहिल्याच आवर्तनांत माझा अंगठा बेसच्या मानेमागे आवळायचा आणि पंजा दगड व्हायचा. उत्तर पुन्हा चेंबर्सकडेच मिळालं. सी मायनरमध्ये डी आणि जी या तारा मोकळ्या वाजवता येतात. मोकळी तार वाजत असताना डावा हात रिकामा असतो, तेवढ्यात तो नव्या जागी पोचतो. मी बोटं त्या हिशेबाने पुन्हा लावली आणि हाताला विश्रांतीच्या जागा मिळाल्या. दमसास वाढला तो ताकदीने नव्हे, या जागा सापडल्यामुळे.

पियानो आणि ड्रम्सबरोबर पहिल्यांदा बसलो तेव्हा खूप काही उतरवलेलं होतं, आणि त्यातलं थोडंच वाजवलं. ड्रमरच्या राइड सिंबलवर, म्हणजे सतत लय धरणाऱ्या झांजेवर, कान ठेवला, तिच्या प्रत्येक ठोक्यात आपला स्वर मिसळतोय का एवढंच पाहिलं. माइल्सचा ड्रमर जिमी कॉब आणि चेंबर्स एकत्र ऐकताना नेमकं हेच होतं: सिंबल कुठे संपते आणि तार कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. आमचं तसं काही आवर्तनं झालं. त्या आनंदाची तुलना कुठल्याही सोलोशी करावीशी मला वाटत नाही.

चेंबर्सबद्दल लिहिताना लोक त्याच्या व्यसनांवर आणि लवकर आलेल्या मृत्यूवर फार रेंगाळतात. ४ जानेवारी १९६९ रोजी क्षयाने तो गेला, ३३ वर्षांचा होता. ब्लँटनही क्षयानेच, १९४२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी गेला होता. दुःख होतंच. पण एवढ्या थोड्या वर्षांत चेंबर्सने शेकडो रेकॉर्डिंग्जवर साथ केली: सॉनी रोलिन्स, सॉनी क्लार्क, हँक मोब्ली, आर्ट पेपर. १९५९ मध्ये माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं दुसरं सत्र २२ एप्रिलला झालं, म्हणजे चोविसाव्या वाढदिवशीही तो स्टुडिओतच होता. रोज उठून कुणाच्या तरी संगीताखाली जमीन घालणारा कामकरी वादक मला त्याच्यात दिसतो, आणि त्याचं चरित्र त्या ओळींमधूनच वाचावं असं माझं ठाम मत आहे.

गजाने वाजवलेले त्याचे सोलो अजून माझ्या आवाक्यात नाहीत. द्रुत लयीत गज तारेवर चिकटून ठेवणं आणि तरी स्वरांना स्विंग देणं यासाठी उजव्या मनगटाची वेगळी तयारी लागते. सावकाश लयीत एक सोलो बसवला आहे, पुढचं चालू आहे.

माइल्सचा बँड सोडल्यावर चेंबर्स, कॉब आणि पियानोवादक विंटन केली हे तिघं एकत्र वाजवत राहिले. १९६५ मध्ये त्यांनी गिटारवादक वेस माँटगोमेरीला साथ केली, ती रेकॉर्डिंग्ज मी आता घेतली आहेत. केलीच्या सोलोखाली बेस काय करतो ते उतरवायचं आहे. पियानोचा डावा हात आणि बेस एकाच पट्ट्यात आले की एक सप्तक चढवूनही ते वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणून हे काम बार मोजून, सावकाश चाललं आहे.