व्हेरिएबल ओव्हरहेडचे व्हेरियन्स आणि ते अर्धं पान

सीए इंटरच्या चौथ्या पेपरात, कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये, स्टँडर्ड कॉस्टिंग येतं: खर्च किती यायला हवा होता ते काढायचं आणि प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा फरक, म्हणजे व्हेरियन्स, बघायचा. मटेरियल आणि लेबर सरळ गेलं. फिक्स्ड ओव्हरहेडची, म्हणजे नग कमी-जास्त झाले तरी तेवढ्याच राहणाऱ्या वरखर्चाची, सगळे भीती घालतात, तेही निभावलं. मी अडले व्हेरिएबलपाशी, म्हणजे वीज-वंगणासारख्या, नगांबरोबर वाढणाऱ्या-घटणाऱ्या वरखर्चापाशी. क्लासच्या नोट्समध्ये त्याला अर्धं पान, आणि वर शेरा: 'सोपे आहे, स्वतः करा'. त्या चार शब्दांचा राग अजून गेलेला नाही.

गणित असं होतं. बजेट १,२०० नगांचं, नगाला २ तास, तासाला १५ रुपये व्हेरिएबल ओव्हरहेड, म्हणजे ३६,००० रुपये. प्रत्यक्षात झाले १,००० नग, लागले २,१५० तास, खर्च ३३,०००. म्हणजे तीन हजार वाचले की! उत्तरात मात्र तीन हजार ॲडव्हर्स, म्हणजे जादा गेलेले. रक्कम तीच, चिन्ह उलटं. छपाईची चूक म्हणावी तर पुढच्या गणितातही तेच. नोट्समधल्या सूत्रात नुसतं 'स्टँडर्ड तास' लिहिलेलं. बजेटच्या नगांचे की झालेल्या नगांचे, याचा पत्ता नाही. क्लासमध्ये विचारलं तर 'सूत्र पाठ करा, मार्क मिळतील'.

शेवटी आतेभावाला फोन केला. तो चाकणला एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. म्हणाला, "अगं, दोनशे नग झालेच नाहीत, तर त्यांची वीज वाचवली असं कसं म्हणतेस? हजार झालेत ना? मग हजाराला किती खर्च यायला हवा होता ते आधी काढ."

हजार नगांना २,००० तास, १५ च्या दराने ३०,०००. झाले ३३,०००. लागला की हिशेब! नग घटले की व्हेरिएबल खर्च आपसूक उतरतो, त्यात कुणाची शाबासकी नाही. म्हणूनच फिक्स्डसारखा व्हॉल्यूम व्हेरियन्स, म्हणजे नगांच्या संख्येमुळे पडणारा फरक, इथे नसतो.

आता त्या तीन हजारांची फोड. १५० तास जादा लागले, गुणिले १५, म्हणजे २,२५०: हा एफिशियन्सी व्हेरियन्स, तासांमुळे पडलेला. २,१५० तासांना ३२,२५० पुरायला हवे होते, गेले ३३,०००. वरचे ७५० हा एक्स्पेंडिचर व्हेरियन्स, खर्चामुळे पडलेला. दोन्ही ॲडव्हर्स. पहिल्यात दोष जादा लागलेल्या तासांचा, वीज उधळल्याचा नव्हे. आणि ७५० मध्ये विजेचा दर वाढला की वंगण जास्त गेलं, हे आकडा सांगत नाही. "तेव्हा आम्ही बिलं काढून बसतो," इति आतेभाऊ.

हो, आयडल टाइम, म्हणजे पगार चालू पण काम थांबलेला वेळ, राहिलाच. प्रश्नात तो दिला असेल तर ओव्हरहेडसाठी प्रत्यक्ष काम झालेले तास घ्यायचे, पगार दिलेले नाहीत. मशीन थांबलं असताना हा खर्च होत नाही असं धरतात. हे गृहीतक उत्तरात एका ओळीत लिहून टाका. आणि लेबर व ओव्हरहेड दोन्ही एकाच तासांवर असतील, तर दोघांच्या एफिशियन्सीचं चिन्ह सारखंच यायला हवं. एक ॲडव्हर्स, एक फेवरेबल दिसलं की पुढे जाऊ नका, आधी तास तपासा.