एक वार कमी पडला

"तुम्ही सिॲटलला राहता ना, मग सांगा, त्या फायनलला लिंचला बॉल का नाही दिला?"

हा प्रश्न मला दहा वर्षांत इतक्या वेळा विचारला गेलाय की आता ऐकला की आधी चहा टाकते. मंडळाच्या गणपतीत विचारतात, पोरांच्या बर्थडेला विचारतात, पुण्यातला मावसभाऊ हल्ली रात्री जागून एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला लागलाय तो व्हिडिओ कॉलवर विचारतो. एकदा डेंटिस्टने विचारलं, तेव्हा माझं तोंड उघडं होतं म्हणून वाचला. तर आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, सुपर बोल, म्हणजे या लीगची फायनल. आमचे सीहॉक्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. स्कोअर २८-२४, आम्ही मागे, मॅच संपायला सव्वीस सेकंद, आणि बॉल गोल लाइनपासून एक यार्डावर. एक यार्ड म्हणजे आपला एक वार हो. नऊवारीतला एक वार. मैदान शंभर वार लांब, त्यातले नव्व्याण्णव झालेले, आणि आमच्याकडे मार्शॉन लिंच, ज्याला लोक बीस्ट मोड म्हणतात, चार माणसं अंगाला लटकली तरी पुढे ओढत नेणारा गडी. अख्खं जग म्हणत होतं द्या त्याच्या हातात. आणि कोच पीट कॅरलने पास टाकायला लावला, रसेल विल्सनने टाकला, आणि माल्कम बटलर नावाच्या कुणाच्याही खिजगणतीत नसलेल्या पोराने तो मधल्या मधे पकडला. संपलं.

आमच्या घरात तेव्हा पंधरा माणसं होती. इकडे किकऑफ दुपारी साडेतीनला असतो त्यामुळे सुपर बोल म्हणजे जेवण आणि रात्रीचं खाणं यांच्या मधलं काहीतरी, मी बटाटेवडे केले होते, शेवटचा घाणा कढईत होता. तो घाणा जळला. कोणी गॅस बंद करायला उठलं नाही, मी पण नाही.

तर लिंचला का नाही दिला. हिशोब असा होता की सव्वीस सेकंद आणि एकच टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायची सोय. चारपैकी तीन डाव, म्हणजे प्रयत्न, शिल्लक. लिंचला दिला आणि तो अडवला गेला तर घड्याळ चालूच राहतं, मग टाइमआउट जातो, मग पुढे पासच टाकावा लागतो आणि ते समोरच्यालाही कळतं. उलट आधी पास टाकला आणि तो खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबतं, मग तीनही डाव मिळतात. शिवाय लिंच एक वारावरून हमखास जातो हा आपला समज, त्या सीझनमधे तिथून पाचदा दिला होता त्यातला एकदाच टचडाउन झाला होता, म्हणजे बॉल गोल लाइनपलीकडे गेला होता. आणि त्या अख्ख्या सीझनमधे लीगभर एक यार्डावरून टाकलेला एकही पास तोवर इंटरसेप्ट झालेला, म्हणजे समोरच्याने पकडलेला नव्हता. एकही नाही. म्हणजे कॅरल वेडा नव्हता. त्याला वेडा ठरवणारे बहुतेक लोक त्या दिवशी माझेच वडे खात होते म्हणून जास्त बोलत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. मला या प्रश्नाचाच राग येतो. लिंचला का नाही दिला, कॅरलने असं का केलं, विल्सनने बॉल जरा खाली का नाही टाकला, सगळी चर्चा आपल्याच माणसांची. अहो समोर एक माणूस होता ना? त्याने काहीतरी केलं ना?

हे मला टोचतं कारण मी शाळेत कबड्डी खेळायचे, चिपळूणला, डावा कोपरा. कोपऱ्यावरच्या माणसाचं आयुष्य फार विचित्र असतं. चढाई करणारी येते, सगळं मैदान तिच्याकडे बघतं, आणि तुम्ही टोकाला वाकून तिच्या पायाकडे बघत उभे. ती पाय टाकेल तेव्हा नाही, टाकायच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे, कमरेवरून, खांद्यावरून. अर्धा क्षण उशीर झाला की पॉइंट गेला आणि सरांची शिवी आली. इथे आल्यावर पहिल्यांदा हा हेल्मेटवाला फुटबॉल बघितला तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं, नवरा डाउन आणि यार्ड समजावत होता आणि मी मोबाइल बघत होते, मग तो म्हणाला की हा टोकाला उभा आहे ना तो कॉर्नरबॅक, तेव्हा मी मान वर केली. म्हटलं म्हणजे कोपरा! आणि मग आमचा कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मन दिसला. त्यानंतर मी बॉल बघायचं सोडलं, मी कोपरे बघते.

तेव्हाचा आमचा डिफेन्स म्हणजे काय होता ते सांगितलं नाही तर हे अपुरं राहील. लीजन ऑफ बूम म्हणायचे त्यांच्या मागच्या फळीला. शर्मन आणि कॅम चान्सलर दोघंही ड्राफ्टच्या (नवीन खेळाडू वाटून घेतात तो, चांगले आधी जातात) पाचव्या राउंडला घेतलेले, म्हणजे बाजार उठताना स्वस्तात मिळालेली भाजी. दुसऱ्या कोपऱ्यावरचा ब्रँडन ब्राउनर तर कॅनडातल्या लीगमधून आलेला. एकटा अर्ल थॉमस काय तो पहिल्या राउंडचा. या टीमने २०१२ ते २०१५ सलग चार सीझन लीगमधे सगळ्यात कमी पॉइंट दिले. २०१४ च्या फेब्रुवारीत पेटन मॅनिंगची डेन्व्हर ब्रॉन्कोज फायनलला समोर आली, त्याने त्या सीझनला ५५ टचडाउन पास टाकलेले, टीमने ६०६ पॉइंट केलेले, दोन्ही रेकॉर्ड. सगळे म्हणाले आता बघा. पहिल्याच डावाला बॉल मॅनिंगच्या डोक्याजवळून मागे गेला, बाराव्या सेकंदाला आमचे दोन पॉइंट, आणि शेवटी ४३-८. तेव्हा मॅन ऑफ द मॅच कोण तर माल्कम स्मिथ, लाइनबॅकर म्हणजे डिफेन्सवाला, सातव्या राउंडचा! मी त्या दिवशी नवऱ्याला अर्धा तास ऐकवलं होतं. डिफेन्सवाल्याला हे बक्षीस मिळणं इतकं दुर्मिळ आहे की साधारण पन्नास वर्षांत दहा जणांना मिळालं, आणि त्यातला चक हाउली तर हरलेल्या टीमचा होता. आपल्याकडे गल्लीतल्या कबड्डीतसुद्धा उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन वेगळी बक्षिसं असतात. इथे एवढी श्रीमंत लीग, पण हे सुचत नाही त्यांना.

आता परत त्या २०१५ च्या मॅचवर. मॅच एक वारावर हरली असं लोक म्हणतात, मी म्हणते ती आधीच निसटायला लागली होती आणि तेही डिफेन्समधे. चान्सलर गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं घेऊन खेळत होता, थॉमसचा खांदा, शर्मनचं कोपर. पहिल्या क्वार्टरमधे आमच्या जेरेमी लेनने पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीचा पास पकडला, आम्ही उड्या मारल्या, आणि बॉल घेऊन पळताना पडला त्यात त्याचा हात मोडला. त्याच्या जागी थॅरल्ड सिमन आला आणि ब्रेडीने तेच दार धरलं. दोन टचडाउन त्याच्यावरून झाले, शेवटचा विजयी सुद्धा. त्याला दोष देत नाही मी. नवीन कोपरा असला की चढाई तिकडेच जाणार, हे चिपळूणच्या शाळेतल्या पोरींनाही कळतं. मग तिसऱ्या क्वार्टरमधे क्लिफ ॲव्हरिल डोक्याला मार लागून बाहेर गेला, ब्रेडीवर धावून जाणारा तोच होता, त्यानंतर ब्रेडीला निवांत वेळ मिळायला लागला. दहा पॉइंटची आघाडी होती, चौथ्या क्वार्टरमधे गेली. (आमच्या ऑफेन्सने पण त्या क्वार्टरला शून्य केले, ते नवऱ्याला आठवण करून द्यावी लागते.)

आणि मग बटलर. कुठल्याच टीमने ड्राफ्टमधे घेतला नव्हता त्याला, वेस्ट अलाबामा नावाच्या छोट्या कॉलेजचा, मधे फ्राइड चिकनच्या दुकानात कामाला होता. पहिलाच सीझन. त्या डावाच्या जरा आधी आमच्या जर्मेन कर्सने जमिनीवर उताणा पडून, पायावर गुडघ्यावर उडालेला बॉल शेवटी हाताने पकडला होता ना, तो कॅच ज्याच्या नाकासमोर झाला तो बटलरच. त्याने बॉलला हात लावला होता, तरी कॅच झाला. वर उठून बटलरने कर्सला बाहेर ढकललं नसतं तर मॅच तिथेच संपली होती. पुढच्या डावाला लिंचला बॉल दिला बरं का, हे सगळे विसरतात, पाच यार्डावरून चार गेला आणि पेट्रियट्सच्या डॉन्टे हायटावरने, खांदा दुखावलेला असताना, त्याला एकावर आणून पाडलं. मग पेट्रियट्सने तिसरा कोपरा आत पाठवला, तो परत बटलर. आमचे दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकामागे एक उभे राहिले, पुढे कर्स, मागे लॉकेट. हाच डाव सरावात बटलरवर झाला होता आणि तेव्हा तो फसला होता. या वेळी त्याने ते उभं राहणं ओळखलं. कर्सने पुढच्या कोपऱ्याला अडवून लॉकेटला वाट करून द्यायची असं ठरलेलं, पण पुढचा कोपरा कोण? ब्राउनर! आमचाच ब्राउनर, त्या सीझनला तिकडे गेलेला. त्याने कर्सला जागचा हलू दिला नाही. बटलरला मोकळी वाट मिळाली आणि तो लॉकेटच्या आधी पोचला. त्याच्या करिअरचं पहिलं इंटरसेप्शन.

मी तो रिप्ले किती वेळा बघितलाय विचारू नका. तो पाय कधी उचलतो ते बघा. विल्सनचा हात खाली यायच्या आधी तो निघालेला आहे. सीहॉक्सची जर्सी अंगात असूनही माझ्या तोंडून "पकड!" निघालं होतं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून मंडळातले काही जण मला पेट्रियट्सवाली म्हणतात.

बक्षीस अर्थातच ब्रेडीला. त्याने बक्षिसाचा ट्रक बटलरला मिळावा असं म्हटलं आणि तो मिळाला, एवढं बरं. तीन वर्षांनी पेट्रियट्स परत फायनलला होते, ईगल्सविरुद्ध, आणि बटलरला डिफेन्समधे एकही डाव खेळवलं नाही. ४१ पॉइंट खाल्ले, हरले. का बसवला याचं कोचने धड उत्तर कधी दिलं नाही. पण हा प्रश्न मला गणपतीत कोणी विचारत नाही.

बाकी तुमच्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर हिशोब वरती दिलाय, तो मला पटतो. तरी मनातून विचाराल तर एकदा लिंचला द्यायला हवा होता. हे नवऱ्याला सांगू नका.