पाण्यात म्हैस, वर मोल : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्यापासून झाली. पत्र्याचं काम, इंजिन, वायरिंग, सीटा, सगळं एकाच छपराखाली. तेव्हा गिऱ्हाईक गाडी स्वतः बघायचं, चालवायचं, कुणा जाणत्याला बरोबर न्यायचं आणि मग आमच्याकडे यायचं. ऑनलाइन लिलाव वाढले तसा हा क्रम फिरला. गाडी ट्रेलरवरून थेट आमच्या दारात उतरू लागली. पैसे भरून झालेले असायचे, आणि मालक आपल्या गाडीला पहिल्यांदा आमच्यासमोरच बघत असायचा.

पाण्यात म्हैस आणि वर मोल म्हणतात, तो हा व्यवहार. फरक एवढाच की इथे म्हशीचे फोटो भरपूर मिळतात.

एका बीटलमुळे, म्हणजे फोक्सवॅगनच्या जुन्या गोलसर गाडीमुळे, आमच्या धंद्याची दिशा बदलायला लागली. फोटोत गाडी देखणी होती: चकचकीत रंग, क्रोमचे बंपर, नव्या शिवलेल्या सीटा. आमच्या मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलंही नाही. त्यांनी आधी मागची सीट उचलली. बीटलमध्ये सीटखाली दोन गोष्टी एकदम कळतात. बॅटरी तिथेच उजव्या बाजूला बसते, तिचं अॅसिड सांडून खालचा पत्रा खातं; आणि चॅसिस नंबरही तिथेच, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. नंबर ठीक होता. बॅटरीखाली मात्र नवा पत्रा जुन्यावर रिव्हेट मारून बसवलेला आणि वर डांबरासारखा काळा थर. मग गाडी रॅम्पवर घेतली. दाराखालच्या हीटर चॅनलला, म्हणजे तिथल्या पोकळ पत्र्याच्या पट्टीला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बीटलची बॉडी या चॅनलांतूनच खालच्या फ्लोअरपॅनला बोल्टने आवळलेली असते. ते गेले की बाकी रंग कितीही सुंदर असला तरी गाडीला कणा उरत नाही.

मालक म्हणाले, "पण फोटो तर कितीतरी दिले होते."

"साहेब, त्यातला एक तरी खालून काढलाय का?" मिस्त्रींनी विचारलं.

नव्हता. आणि विकणाऱ्याने खोटं असं काही लिहिलंही नव्हतं. खालच्या बाजूबद्दल त्याने शब्दच काढला नव्हता. बहुतेक लिलावांत गाडी "जशी आहे तशी, जिथे आहे तिथे" विकली जाते, आणि तपासणीची जबाबदारी बोली लावणाऱ्यावर असते. हे अटींत स्पष्ट छापलेलं असतं, वाचतं कोण? हातोडा पडल्यावर तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. वर लिलावाचं शुल्क, वाहतूक आणि कर वेगळे.

अशा गाड्या येत राहिल्या तेव्हा आम्ही बोलीच्या आधी जाऊन गाडी तपासायचं आणि लेखी अहवाल द्यायचं काम सुरू केलं. पहिल्यांदा ते दुरुस्तीच्या जोडीला होतं. लवकरच एक अडचण लक्षात आली. जो दोष शोधतो त्यालाच दुरुस्तीचं काम मिळणार असेल, तर त्याच्या अहवालावर विश्वास का ठेवावा? म्हणून नियम केला: ज्या गाडीचा अहवाल आम्ही दिला, ती दुरुस्तीला घ्यायची नाही. या नियमाने आमचं बरंच उत्पन्न बुडालं, हे खरं आहे. पण त्याच्यामुळेच फोन वाढले. विकणाऱ्याकडून कमिशन घ्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. गाडी घ्या किंवा सोडा, आमची फी तीच.

एक गंमत सांगतो. लोकांना वाटतं, तपासणी करून घेणाऱ्याला खरं ऐकायचं असतं. पुष्कळांना फक्त "घ्या" हा शब्द ऐकायचा असतो. मनाने ते गाडीत केव्हाच बसलेले असतात. अहवालात "पुढच्या सबफ्रेमच्या नळीला तडा" असं लिहिलं की ते आमच्यावरच नाराज होतात, आणि काही जण तरीही बोली लावतात. त्याला आमचा इलाज नाही.

तपासणीत यंत्रांपेक्षा नजर जास्त लागते. आम्ही आधी गाडीच्या अंगावर पडलेलं प्रतिबिंब बघतो. दाराला समांतर उभं राहून एखाद्या सरळ रेषेचं, ट्यूबलाइटचं किंवा भिंतीच्या कडेचं, प्रतिबिंब पत्र्यावर कसं धावतं ते पाहायचं. रेषा लाटेसारखी वाकली की खाली पुट्टी आहे किंवा ठोकठाक झाली आहे. हे काम फोटोतही थोडंफार जमतं, म्हणून चतुर विकणारे फोटो ढगाळ संध्याकाळी नाहीतर गाडी ओली करून काढतात. त्यानंतर रंगाची जाडी मोजायचं यंत्र. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंग मारला असेल तर आकडा वाढतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मधेच हजाराच्या वर गेला तर तिथे पुट्टी आहे. लोहचुंबकाचा उपाय सगळ्यांना माहीत असतो (खाली पुट्टी असली की तो चिकटत नाही), पण तो सगळीकडे चालत नाही. 1953 पासूनची कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स गाडी फायबरग्लासची आहे, आणि जुन्या लँड रोव्हरचे बरेचसे पत्रे अॅल्युमिनियमचे. लँड रोव्हरचं अंग गंजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. गंज तिच्या लोखंडी चॅसिसमध्ये आणि बल्कहेडमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीत) बसलेला असतो.

कागदपत्रांत तर याहून जास्त फसगत होते. सतरा अक्षरांचा ठरावीक वाहन क्रमांक अमेरिकेत 1981 च्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती. त्यामुळे नेटवर क्रमांक टाकून इतिहास काढायची सोय जुन्या गाडीला बहुधा लागू पडत नाही. पाँटिअॅक या अमेरिकन कंपनीच्या जीटीओचं उदाहरण घ्या. 1964 आणि 1965 साली जीटीओ हे त्याच कंपनीच्या लेमान्स या मॉडेलवर घ्यायचं एक पॅकेज होतं. चॅसिस नंबरवरून ती खरी जीटीओ की नंतर चिन्हं लावलेली लेमान्स, हे सांगताच येत नाही. त्यासाठी कारखान्याच्या बिलाची नोंद लागते. 1966 पासून ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि नंबरातच कळू लागली. दोन्हींच्या किमतींत मोठी तफावत असते, आणि फोटोत दोन्ही एकसारख्या दिसतात.

गाडी दूर असेल तर आम्ही तिथल्या एखाद्या मेकॅनिककडून काम करून घेतो. त्याला पहिला प्रश्न हाच असतो: "या गाडीला याआधी हात लावलाय का?" जुन्या गाड्यांचं जग लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. "हो" आलं की आभार मानून दुसरा शोधायचा.

लिलावाला थोडेच दिवस उरले असले आणि कुणी जाऊ शकत नसलं, तर विकणाऱ्याकडून काही गोष्टी मागतो. खालच्या बाजूचे फोटो, नंबर ठोकल्याच्या जागांचे फोटो, टायरवरच्या तारखेच्या आकड्यांचा फोटो. 2000 पासून टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. "जेमतेम चालवलेली गाडी" किती वर्षं त्याच टायरवर उभी आहे ते लगेच समजतं. आणि इंजिन थंड असताना सुरू करतानाचा, मधे न कापलेला व्हिडिओ. त्यात आधी इंजिनावर उघडा हात ठेवायला सांगतो, कारण गरम इंजिन पुष्कळ रोग लपवतं. सुरू होताच निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जात असण्याचा संशय. बेअरिंगचा खोल ठोका मात्र मोबाइलच्या माइकवर धड येत नाही, त्यामुळे असा अहवाल "अर्धा" असं आम्ही ठळक लिहून देतो. काही विकणारे सगळं त्याच दिवशी पाठवतात. काहींकडून उत्तरच येत नाही, मग तेही अहवालात लिहितो.

आम्ही अहवालात बोलीची किंमत लिहीत नाही, फक्त दुरुस्तीला लागणाऱ्या खर्चाचा अंदाज देतो. आपली मर्यादा ग्राहकाने स्वतः आणि आधी ठरवायची. कित्येक साइटवर शेवटच्या क्षणी बोली आली की घड्याळ थोडं पुढे सरकतं, आणि दोन हट्टी माणसं भिडली की ते सरकतच राहतं. अशा वेळी आलेला "अजून थोडं वर जाऊ का?" हा फोन आम्ही उचलत नाही.

आता मागणी बदलते आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या लिलावात येऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्यापुढे लोहचुंबक आणि स्क्रूड्रायव्हर कमी पडतात. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यातल्या काही मर्सिडीजमध्ये इंजिनच्या वायरिंगवरचं आवरण वर्षांनुवर्षं उष्णता खाऊन भुगा होतं. बाहेरून नळी शाबूत दिसते आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात. म्हणून आमच्याकडे यंदा वायरिंगवाला कायमचा कामाला आहे. बीटलची सीट उचलणारे मिस्त्री त्याच्यासोबत जातात. मल्टिमीटर कसा धरायचा ते त्याच्याकडून शिकताहेत, आणि मधूनच त्याला सीट उचलायला लावताहेत.