तुम्ही विचारलंत म्हणून: फोम का नाही लावला?

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाचीही मुंज असो, पंगतीत प्रश्न ठरलेला. तुमच्या बोटीच्या इंजिन रूमच्या हवेच्या झरोक्याला एवढी महागाची स्टीलची जाळी कशाला? फोम तर मीटरवर मिळतो. मेहुणा वर पुस्ती जोडतो, "भावोजी, बडोद्यात ना समुद्र ना खाडी, आणि तुमचं आपलं मीठ-मीठ!" सगळे हसतात. मीही हसतो नि श्रीखंड वाढून घेतो. आता एकदा लिहूनच टाकतो.

फोम लावला होता हो. मीच लावला होता. मकरपुऱ्यात पंप दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षं गेली, तेव्हा हवा गाळणं म्हणजे काय मोठं, असं वाटलं. जुना फोम झिजला होता. तसाच दिसणारा काळा जाळीदार फोम आणला, जरा बारीक छिद्रांचा, म्हणजे जास्त चांगला. घरच्या कात्रीने कापला. बोटीतल्या भागीदाराने विचारलं, "हा कशाचा?" मी म्हणालो, "फोमचा."

फोममध्ये दोन जाती असतात, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. दिसायला सख्खे भाऊ. पण दमट उष्ण हवेत पॉलिएस्टरवाला आतून तुटत जातो. दुकानदाराला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी विचारलं तरी कुठे?

दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. दहेजकडे परतत होतो, ओहोटी लागलेली. खंभातच्या आखातात ओहोटी म्हणजे पाणी नदीसारखं धावतं, इंजिन मेलं की बोट पाण्याबरोबर वाहत जाणार. धुराड्यातून काळा धूर यायला लागला. इंजिनाचे मिनिटाला अठराशेवरचे फेरे तेराशेवर आले. मला वाटलं डिझेलमध्ये पाणी. डिझेल फिल्टर बघायला तांडेलाला खाली पाठवलं, तर तो डेकवरच गुडघे टेकून ओरडला, "साहेब, ढांकणुं खुलतुं नथी!" इंजिन रूमचं दोन फूट चौरस झाकण, रोज एका हाताने उघडणारं. आम्ही दोघांनी कडी धरून ओढलं तेव्हा कडेने सुस्कारा सोडल्यासारखी हवा आत गेली आणि झाकण एकदम हातात आलं. पाचेक सेकंदांत इंजिनाचा आवाज मोकळा झाला, धूर विरळ झाला. दोनशे हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन भर लोडवर तासाला सुमारे ७०० घनमीटर हवा नुसती जाळायलाच ओढतं, आणि मी त्याच्या नाकावर मिठाने थबथबलेलं बोचकं बांधलं होतं.

झाकण उघडं ठेवून धक्क्याला लागलो. वाटेत लाटांचे तुषार आत गेले, अल्टरनेटर गेला. फोम काढायला हाताचं बोट लावलं तर कारळ्याची चटणीच हातात आली. तीच चटणी आफ्टरकूलरच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या, पत्र्यांतही. सागरी इंजिनांवर बऱ्याचदा ट्रकसारखा कागदी फिल्टर नसतो, हवा आत घेण्याच्या तोंडाशी नुसता जाळीचा सायलेन्सर, त्यामुळे तिला अडवणारं कोणी नव्हतं.

नंतर तशाच फोमचा दुसऱ्या झरोक्यातला तुकडा लावून गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल ट्यूबने मोजलं. एक टोक आत, एक बाहेर. पाण्यात ४० मिलिमीटरचा फरक. त्या झाकणावर तो १४-१५ किलोंचा भार होतो. त्या दिवशी किती असेल, हिशेब करवत नाही.

मेहुण्याला मीठ म्हणजे धूळ वाटते. पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलंच पाणी पिऊन थेंब होतं. बारीक गाळणीत ते थेंब साचतात, सुकतात, पुन्हा भिजून पुढे झिरपतात. थेंब पकडून खाली गळू देणारं काहीतरी हवं. ते मला समुद्रावर सापडलं नाही, बडोद्याजवळच्या नंदेसरीत, केमिकलच्या कारखान्यांत सापडलं. केमिकलच्या टॉवरमध्ये वाफेबरोबर वर जाणारे थेंब अडवायला विणलेल्या तारेचं डेमिस्टर पॅड बसवतात. तेच मापात बनवून घेतलं. ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील, कारण नेहमीच्या ३०४ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. गोड्या पाण्याने धुतलं की झालं.

म्हणजे मी बरोबर होतो का? कुणास ठाऊक. हवा सावकाश चालली की बारीक थेंब तारांना वळसा घालून निघून जातात. म्हणजे इंजिन संथ चालवत नांगर टाकून बसलो की माझी महागाची जाळी शोभेची. कोरडी बारीक धूळ तर ती अडवतच नाही. पॉलिइथर फोम मोठ्या छिद्रांचा घेतला असता तर? आगीच्या भीतीने नाही घेतला, असं मी सांगतो. खरं म्हणजे फोम या शब्दाचीच धास्ती बसली आहे.

म्हणून गच्चीवर उन्हात दोन बरण्या ठेवल्यात, मिठाच्या पाण्यात दोन्ही जातींचे तुकडे. मार्चपासून आहेत. बायको म्हणते, कैऱ्या आल्यात, बरण्या मोकळ्या करा.