ताकाराझुका: तेझुकांची मूळ पानं बघायला जाताना

ओसाकाला जाणार असाल आणि मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, थोडीफार जरी आवड असेल, तर अर्धा दिवस जवळच्या ताकाराझुका शहरासाठी राखून ठेवा. 'अ‍ॅस्ट्रो बॉय' ही मांगा काढणारे ओसामू तेझुका (१९२८–१९८९) वयाच्या ५ व्या वर्षापासून २४ व्या वर्षापर्यंत इथे राहिले. त्यांच्या नावाचं संग्रहालय शहराने १९९४ मध्ये सुरू केलं.

ओसाका-उमेदा स्टेशनहून हानक्यू या खासगी रेल्वेची थेट गाडी मिळते, साधारण पस्तीस मिनिटं लागतात. जेआरचा (जपान रेल्वेचा) पास असेल तर जेआरनेच जा, ताकाराझुकातली दोन्ही स्टेशनं समोरासमोर आहेत. तिथून दहा मिनिटं चालायचं. वाटेत ताकाराझुकाचं प्रसिद्ध नाट्यगृह लागतं, जिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, त्याचा खेळ सुटायच्या वेळी रस्ता बायकांनी फुलून जातो. संग्रहालयाच्या दारात फिनिक्स पक्ष्याचा पुतळा दिसला की पोचलात.

जपानी लोक तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे पाटीवरचा दुसरा मजला म्हणजे आपला पहिला. बदलती प्रदर्शनं तिथे भरतात. खाली तेझुकांचा जीवनपट आहे. त्यातल्या लहानपणी काढलेल्या किड्यांच्या चित्रांपाशी थांबाच. शाळकरी पोराचा हात वाटत नाही.

तेझुकांनी हाताने काढलेलं मूळ पान मात्र अगदी जवळून बघायचं. छापील पुस्तकात एकसारखा सपाट दिसणारा काळा रंग इथे ब्रशच्या फटकाऱ्यांसकट दिसतो. चुकलेल्या रेघेवर पांढऱ्या रंगाचा थर, आणि तो इतका जाड की तिरक्या उजेडात उंचवटा कळतो. संवाद वेगळे छापून, पट्ट्या कापून फुग्यांत चिकटवलेले. काही पट्ट्यांच्या कडा पिवळ्या पडल्यात. कुठे राखाडी छटा हवी ते फिक्या निळ्या पेन्सिलीने दाखवलेलं असतं, ते छपाईत उमटत नाही. मासिकात आलेली गोष्ट पुस्तकात घेताना तेझुका आपलीच पानं कापून, चौकटी हलवून, नव्याने जोडत. आपण ज्याला पूर्ण झालेलं काम म्हणतो, त्याच्यावर या माणसाने सरळ कात्री चालवली!

पण काचेतलं प्रत्येक पान मूळच असेल असं धरू नका. उजेडाने शाई आणि रंग उडतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी हुबेहूब प्रती लावतात. पाटीवर 原画 असेल तर मूळ, त्याआधी 複製 असेल तर प्रत. ही चिन्हं फोनमध्ये साठवून न्या.

माहिती बहुतेक जपानीतच असते. भाषांतरासाठी फोनचा कॅमेरा उगारलात, तर फोटो काढताय असंच वाटणार, आणि मूळ चित्रांच्या दालनात फोटोला सहसा मनाई असते. आधी कर्मचाऱ्यांना खुणेने विचारा. टिपणं काढायची तर पेन्सिल न्या, अशा दालनांत सहसा पेन चालत नाही.

मुलं सोबत असतील तर तळघरात स्वतः अ‍ॅनिमेशन करून बघायची सोय आहे. वरच्या वाचनालयात 'बुद्ध' (१९७२–८३) चाळा. कपिलवस्तू आणि मगध जपानी रेषेत बघायला वेगळीच मजा येते.

संग्रहालय आठवड्यातून एक दिवस बंद असतं, शिवाय प्रदर्शन बदलताना सलग काही दिवस. वरचं प्रदर्शन दर वेळी तेझुकांच्या मूळ पानांचंच असतं असंही नाही, त्यामुळे वेळापत्रक आणि विषय दोन्ही बघून तारीख ठरवा. कडक शाकाहारी असाल तर डबा ओसाकाहूनच घ्या.