आरएक्स १००: रेस लटकण्याचं मूळ सापडलं, पण आता फुल इंजिन उघडणार

यामाहा आरएक्स १००, जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल; तापली की मूठ सोडल्यावरही तिची रेस (इंजिनचा वेग) वरच अडकते. इंजिनात जादा हवा कुठून शिरतेय ते अखेर सापडलं. मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक ऑइल सील, म्हणजे क्रँक शाफ्टभोवतीची रबरी कडी. मागच्या नोंदीत हेच सील दाबाच्या चाचणीत पास झालं होतं आणि संशयितांच्या यादीतून बाहेर गेलं होतं. म्हणून आजची बहुतेक जागा त्या चाचणीलाच. टू-स्ट्रोकवाल्यांमध्ये दाबाची चाचणी सगळे सांगतात, पण दाब कुठून द्यायचा आणि नंतर उलटी ओढ (व्हॅक्यूम) का द्यायची, हे फारसं कुणी सांगत नाही.

लक्षण पुन्हा एकदा. गाडी १९९४ ची, मूळ मिकुनी व्हीएम २० कार्बोरेटर. थंड इंजिनवर स्लो (मूठ न देता चालणारी रेस) एकदम सरळ. आठ-दहा किलोमीटर चालून तापली की मूठ सोडल्यावर रेस वरच लटकते आणि सावकाश उतरते; सिग्नलला तर कधी उतरतच नाही. चोक लावला की लगेच खाली. जास्त पेट्रोल मिळाल्यावर रेस जागेवर येते, म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मूठ मोकळी, केबलला ढील आहे, हँडल दोन्ही टोकांना वळवून रेस बदलत नाही, कार्बोरेटरमधली स्लाइड वरून सोडली की टक्कन बसते. सगळ्यात बोलकी खूण एअर स्क्रूची (स्लोचं मिश्रण जुळवायचा कार्बोरेटरवरचा स्क्रू): अर्ध्या आट्यापासून तीन आट्यांपर्यंत फिरवला तरी तापलेल्या इंजिनला फरक पडत नाही. एअर स्क्रू दाद देत नसेल तर कार्बोरेटर पुन्हा धुण्यात वेळ घालवू नये. हवा दुसरीकडून येतेय.

मधल्या काळात दोष ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलवर जात होता आणि जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, वाढवायचा बेत होता. त्यात तथ्य आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के लीन चालतं, आणि टू-स्ट्रोकच्या पिस्टनला हे परवडत नाही. पण हा फरक थंडीत आणि तापल्यावर सारखाच राहतो. नुसतं तापल्यावर सुरू होणारं दुखणं पेट्रोलच्या माथी मारता येत नाही. शिवाय मेन जेट पाऊण मुठीच्या वर काम करतो. लटकणाऱ्या स्लोशी त्याचा संबंध नाही. स्लोचा पायलट जेट एक नंबर मोठा टाकायचा आहेच, पण गळती बंद झाल्यावर. आधी टाकला तर दुखणं झाकलं जाईल आणि प्लगचा रंग खोटं सांगेल.

आता चाचणी. टू-स्ट्रोकचा क्रँककेस (क्रँक फिरतो ती खालची पेटी) हा पंप आहे: पिस्टन वर जाताना ओढतो, खाली येताना दाबतो. म्हणून तपासणीही दोन्ही दिशांनी हवी.

सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर ट्यूबचा तुकडा आणि त्यावर ५ मिमीची पट्टी, मूळ स्टडवरच आवळायची. पिस्टन खालच्या टोकाला ठेवायचा, म्हणजे ट्रान्स्फर पोर्ट उघडे राहून क्रँककेस आणि सिलिंडर एकच पोकळी होते. जुन्या प्लगचं चिनीमातीचं अंग फोडून त्यात नळी बसेल असा निपल कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घेतला. कार्बोरेटर काढून जॉइंट रबरमध्ये तसाच निपलवाला गोल बूच, वर क्लिप. दाबासाठी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल. ३०० मिमी पारा म्हणजे ०.४ बार, जवळपास ६ पीएसआय. टू-स्ट्रोकला नेमका एवढाच दाब हवा. यापेक्षा फार वर गेलं तर चांगलं सीलही जागेवरून सुटतं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा, म्हणजे साधारण ५० मिमीपेक्षा काटा जास्त पडला तर गळती आहे समजायचं.

मागच्या वेळी दाब प्लगच्या भोकातून दिला होता. त्याने रीडची पानं (हवा फक्त आत जाऊ देणारी झडप) आतून दाबली जाऊन बंद होतात, आणि रीडच्या अलीकडचं जॉइंट रबर व त्याचं पॅकिंग तपासलंच जात नाही. दाब कार्बोरेटरच्या बाजूने दिला की पानं उघडतात आणि सगळा रस्ता तपासला जातो. तसं केल्यावर काटा जागचा हलला नाही. साबणाचं पाणी बेस पॅकिंग, हेड, रबर, मॅग्नेट प्लेटमागे सगळीकडे लावलं, बुडबुडा नाही. इथेच बहुतेक जण थांबतात.

पण क्रँक सीलची बनावट पाहा. लिपची स्प्रिंगवाली बाजू क्रँककेसकडे असते. आतून दाब आला की लिप शाफ्टवर आणखी आवळली जाते. ओढ लागली की सैल पडते. रबर कडक झालेलं सील त्यामुळे दाब धरतं आणि ओढीला हार खातं. लीन करणारी हवा नेमकी ओढीच्या वेळी आत येते.

ओढ मात्र प्लगच्या भोकातून द्यायची, कार्बोरेटरच्या बाजूने नाही; नाहीतर पानं बंद होतील. रक्तदाबाचा डायल उलटा दाब दाखवत नाही. फ्रीजवाल्यांचा निळा कंपाउंड गेज इथे चालतो, शून्याच्या खाली पाऱ्याच्या ३० इंचांपर्यंत वाचतो. ब्रेक ब्लीड करायचा हातपंप जोडून १२ इंचांपर्यंत खेचलं. थंड इंजिनवर काटा हळू परतत होता. गाडी फिरवून आणून, गरम असतानाच सगळं पुन्हा बांधून खेचलं तेव्हा काही सेकंदांत शून्य.

जागा शोधायला ओढीत साबण उपयोगाचा नाही. मॅग्नेट पुलरने उतरवून, प्लेट काढून सीलच्या लिपवर टू-टी ऑइलचा थेंब सोडला. थेंब शाफ्टच्या कडेने आत ओढला गेला आणि गेजचा काटा तिथल्या तिथे थांबला. दोन श्वासांनंतर ऑइल आत संपलं आणि काटा पुन्हा निघाला. एवढा स्वच्छ पुरावा या गाडीने आजवर दिला नव्हता. मॅग्नेटच्या आतून सगळं कोरडं होतं, हेही आता जुळतं: दाबाच्या वेळी सील घट्ट असल्यामुळे बाहेर ऑइल फेकलंच जात नव्हतं. मॅग्नेट कोरडा म्हणजे सील चांगलं, हा ठोकताळा सोडून द्या.

उजव्या सीलसाठी गियर ऑइल आधी पूर्ण काढून घ्यायचं. ते लिपवर असेल तर तेच तात्पुरतं बूच होतं आणि सील पास वाटतं. इथलं उजवं सील ओढीलाही टिकलं. ते गेलं असतं तर गियर ऑइलची पातळी खाली आणि जळक्या वासाचा पांढरा धूर, लीनची लक्षणं नाहीत.

नवं डावं सील बसवलं. शाफ्टच्या चावीच्या खाचेवर टेप, लिपला ऑइल, स्प्रिंग आतल्या बाजूला, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाइतक्या पान्याच्या सॉकेटने सरळ रेषेत हळूहळू आत. शाफ्टवर जुन्या लिपची खाच नखाला लागते, म्हणून नवं सील साधारण १ मिमी अलीकडे ठेवलं, लिप कोऱ्या जागेवर येते. मागे बेअरिंगला ऑइल पोहोचवणारी वाट असेल तर ती झाकली जाणार नाही एवढं पाहायचं. सीलच्या खरेदीत पैसे वाचवू नका. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका, रबरावर कोरलेलं नाव आणि माप वाचा. जपानी एनओके कंपनीचं सील हातात घेतलं की लिपची धार आणि स्प्रिंग दोन्ही वेगळी कळतात. पुण्याच्या नाना पेठेत असली आणि साधी, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात, मागताना स्पष्ट मागा.

निकाल: गरम इंजिनवर मूठ सोडली की रेस खाली, स्लो स्थिर, आणि एअर स्क्रू दीड आट्याच्या आसपास लगेच दाद देतो. घाटातून उतरून थांबल्यावर तो एकसारखा टप-टप आवाज ऐकायला फार बरं वाटतं.

इथे नोंद संपायला हवी होती, पण मॅग्नेट उतरलेला असताना शाफ्टचं टोक वर-खाली हलवून पाहिलं तेव्हा डायल गेजचा काटा हलला. मेन बेअरिंगला खेळ आहे. खेळ असलेल्या शाफ्टवर नवं सील किती दिवस टिकणार? जुनं सीलही बहुधा याच डगमगीने झिजलं. म्हणून हाफ इंजिन (फक्त वरचा भाग) करून पिस्टन रिंगा बदलायचा आधीचा बेत रद्द, आता क्रँकसकट फुल इंजिन. बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचीच (आत थोडी जास्त मोकळीक असलेली); साधी घातली तर तापल्यावर जाम होऊ शकतात. केस साधारण १०० अंशांपर्यंत गरम, बेअरिंग फ्रीजरमधून काढून, म्हणजे हातोडी लागत नाही. क्रँक प्रेसवर जाऊन आल्यावर व्ही-ब्लॉकवर रनआउट (शाफ्टचं वाकडं फिरणं) ०.०३ मिमीच्या आत आहे हे समोर उभं राहून बघायचं. आणि हे लिहितानाच सुचलं: केस उघडणारच आहे तर दोन्ही सील व्हिटॉन रबराची घ्यावीत. उष्णता आणि इथेनॉल दोन्हीला ती साध्या नायट्राइल रबरापेक्षा जास्त टिकतात. खर्च थोडा वाढेल, पण ई-२० आता जाणार नाही.

जुनी आरएक्स घ्यायच्या खटपटीत असलेल्यांसाठी यातून एक गोष्ट. विकणारा थंड गाडी एका किकमध्ये चालू करून दाखवतो. त्यावर समाधान मानू नका. दहा किलोमीटर चालवा, थांबून मूठ सोडा. रेस लटकली तर चोक लावा. चोकने खाली आली तर गळती धरून, आणि गळतीमागे बेअरिंग असू शकतं हे धरून, किंमत फुल इंजिनच्या खर्चाने कमी करून बोला. ऑटोल्यूब पंप (इंजिनला टू-टी ऑइल आपोआप पुरवणारा) काढून टाकलेला असेल तर आधीच्या मालकाने पेट्रोलमध्ये ऑइलचं मिश्रण किती ठेवलं होतं ते विचारा. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, नंबराच्या जागेवर ग्राइंडरचा माग असेल तर तिथूनच परत फिरा. या गाड्यांची पंधरा वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण चालू आहे का ते पाहा. नसेल तर नूतनीकरणाच्या फॉर्म २५ ची दगदग विकणाऱ्याने करून द्यावी, मगच मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या.

केस उघडली की क्रँकची मापं इथेच टाकतो. तोवर कुणाकडे मॅग्नेट बाजूच्या शाफ्टवर बारीक स्लीव्ह चढवून खाच झाकल्याचा अनुभव असेल, तर स्लीव्हची जाडी आणि कोणत्या लेथवर केली ते कळवा. १ मिमी अलीकडे सील ठेवण्यापेक्षा तो उपाय जास्त पक्का वाटतोय.